मुंगी आणि खांबावरची हार्ड डिस्क

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. आईला आधार देऊन मोरीपर्यंत न्यायचं, परत आणून बसवायचं, मग स्वयंपाक, मग दोन डबे. एक स्वतःचा, एक आईच्या हाताशी ठेवायचा. सहाला घर सोडायची. कारखान्याचा भोंगा सातला होई, त्याच्या आत ती आपल्या टेबलाशी उभी असे. इतक्या वर्षांत ती भोंग्यानंतर एकदाच आली. त्या दिवशी बस बंद पडली होती आणि उरलेलं अंतर ती चालत आली होती. साहेबांनी काही विचारायच्या आत तिनं स्वतःच अर्धा तास कापून घ्यायला सांगितलं.

मी त्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो. यंत्रं बसवायची, पातळीत आणायची, बिघडली की उघडायची. माणसाचं मोल मी त्याच्या कामावरून करतो, बोलण्यावरून नाही. त्या मापानं मला भेटलेल्या चांगल्या कारागिरांत ही पोरगी पहिल्या तिघांत येते. बाकीचे दोघे आता नाहीत.

तिला सगळे मुंगी म्हणायचे. नाव पहिलवानानं ठेवलं. पहिलवान म्हणजे मोठ्या प्रेसवरचा, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रावरचा, ऑपरेटर. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून तो पहिलवान. ती उंचीनं लहान, एका जागी न थांबणारी आणि कधी रिकाम्या हातानं न दिसणारी, म्हणून मुंगी. तिला राग आला नाही. "मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट उचलते," एवढंच म्हणाली. "तू किती उचलतोस रे, पहिलवाना?"

ती आली होती पॅकिंगला. खोक्यांवर चिकटपट्टी मारायची, लेबल लावायचं. लेबल छापायचं यंत्र एकदा अडलं, तिनं ते उघडलं, साफ केलं, चालू केलं. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातला कॉम्प्युटर अडला, तोही तिनंच केला. मग साहेबांनी तिला पॅकिंगवरून काढून कॉम्प्युटरच्या कामावर घेतलं. पगार मात्र पॅकिंगचाच राहिला, आणि नोकरी कंत्राटी.

कुठं शिकलीस, असं मी विचारलं होतं. एका दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं काढली होती. दुकान बंद पडलं. तेव्हापासून भंगारवाल्याकडून मेलेल्या हार्ड डिस्क किलोवर आणून घरी उघडत बसायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं एक माझ्यापुढं ठेवली. झाकण काढलेलं. आत तबकडी, आरशासारखी. माझा मिशीवाला चेहरा मला त्यात दिसला.

"ही फिरते?" मी विचारलं.

"मिनिटाला सात हजार दोनशे फेरे."

मी हसलो. "पोरी, आपली लेथ दोन हजारावर नेली तर हा पहिलवान डबा टाकून पळेल."

"खोटं नाही, काका. आणि हा हात बघा. टोकाला डोकं आहे, तेच वाचतं, तेच लिहितं. चालू असताना ते तबकडीला टेकत नाही. वर तरंगतं. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढ्या अंतरावर."

"टेकलं तर?"

"ओरखडा. त्याखाली जे लिहिलंय ते गेलं."

मी ती तबकडी बोटानं फिरवली. बेअरिंग असं होतं की बोट काढल्यावरही ती फिरतच राहिली. ज्यानं कोणी ते बेअरिंग केलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

"मग ही संथ का होते?" मी विचारलं. घरी नातवाचा कॉम्प्युटर रडत होता, म्हणून.

"पुष्कळ कारणं. भरत आली की नवं लिहायला सलग जागा मिळत नाही. मग एकाच गोष्टीचे तुकडे दहा ठिकाणी जातात आणि हा हात इकडून तिकडे पळत बसतो. तुमच्या स्टोअरवाल्यासारखं. बोल्ट खालच्या कप्प्यात, नट वरच्या, आणि वॉशर त्याच्या खिशात."

"आणखी?"

"गरम झाली तर. धूळ पंख्यात बसली तर. आणि तबकडीवरची जागा खराब झाली तर ती तेच तेच पुन्हा वाचत बसते. म्हातारा माणूस चष्मा पुसून पुसून एकच ओळ वाचतो ना, तसं."

"माझ्याकडं बघून बोलू नकोस," मी म्हणालो.

आता माझी चूक सांगतो.

आमच्याकडं सगळ्या डायची, म्हणजे प्रेसमध्ये लावायच्या साच्यांची, ड्रॉइंग एका कॉम्प्युटरवर होती. चार हजारांच्या वर. तो ऑफिसात होता. प्रेसवरच्या माणसाला माप बघायचं तर अंगण ओलांडून जावं लागे. साहेब म्हणाले, कॉम्प्युटर प्रेसजवळच आणू. मला बोलावून म्हणाले, "असा बसवा की हलता कामा नये."

मी बसवला. लोखंडी चौकट केली, मोठ्या प्रेसशेजारच्या खांबाला चार बोल्टनं आवळली, खाली स्प्रिंग वॉशर. कॉम्प्युटरची पेटी त्या चौकटीत पट्ट्यांनी कसली. मग चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. केसभरही हलली नाही. आमच्या धंद्यात घट्ट बसलेलं ते टिकतं. ढिलं राहिलेलं खडखडतं आणि मरतं. पंचवीस वर्षं मी हेच शिकवलं.

आठवड्याभरातच कॉम्प्युटर संथ झाला. एक ड्रॉइंग उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पहिलवान ओरडायचा, "मुंगे, तुझ्या यंत्राला पेन्शन दे आता!"

मुंगी जेवणाच्या सुट्टीत यायची, कारण पाळी चालू असताना कोणी तिला यंत्राला हात लावू देत नव्हतं. पंखा साफ केला. नको ते काढून एक तृतीयांश जागा मोकळी केली. विखुरलेले तुकडे सलग लावले. केबल बदलली. प्रत्येक वेळी तिनं ड्रॉइंग उघडून दाखवलं आणि प्रत्येक वेळी ते चटकन उघडलं. ती गेली, पाळी सुरू झाली, आणि पुन्हा तेच.

"तिच्यासमोर शहाण्यासारखं वागतं," पहिलवान म्हणायचा, "आमच्यासमोर रुसतं. लग्नाला आलेलं यंत्र आहे."

सगळे हसले. मीही हसलो. ते मला आज आठवतं.

मग एका सोमवारी चालू ऑर्डरच्या डायचं ड्रॉइंग उघडलंच नाही. दुपारपर्यंत आणखी दोन गेली. साहेब खाली आले. ऑफिसात एक प्रत होती, पण ती दोन वर्षांपूर्वीची. मुंगीनं दुसऱ्या डिस्कसाठी दोनदा अर्ज दिला होता, तो साहेबांच्याच टेबलावर पडून होता. हे ती बोलली नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आम्हीही बोललो नाही.

"तीन महिने तू यावर काम करते आहेस," साहेब म्हणाले. "शनिवारपर्यंत सगळी ड्रॉइंग दे. नाहीतर पुढच्या सोमवारी मी बाहेरची कंपनी बोलावतो. मग तुझं इथं काय काम आहे ते तूच मला सांग."

ते गेल्यावर ती स्टोअरच्या दारात बसली. मी पाणी नेऊन दिलं. तेव्हा तिनं सांगितलं. आईनं सव्वीस वर्षं एका लाँड्रीत उभ्यानं इस्त्री केली होती. दोन्ही गुडघे संपले होते. डॉक्टर म्हणाले बदलावे लागतील. दवाखाना पैसे हप्त्यानं घ्यायला तयार होता, पण कायम नोकरीचं पत्र दाखवा म्हणाला. ते पत्र टाइप होऊन साहेबांकडं सहीला गेलेलं होतं.

"सही झाली असती या आठवड्यात," ती म्हणाली. रडली नाही. ग्लास धुऊन जागेवर ठेवला.

मंगळवारी सकाळी ती माझ्याकडं आली. "काका, तुमचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि जरा चला."

बेअरिंग गेलंय का हे आम्ही असंच बघतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानाच्या हाडावर. बाहेरचा गोंगाट मागं पडतो आणि आतलं बोलायला लागतं. तिनं पेटीचं बाजूचं झाकण काढलं होतं. मी टोक डिस्कच्या अंगावर हलकेच ठेवलं.

"बेअरिंग उत्तम आहे," मी म्हणालो.

"थांबा. प्रेस पडू दे."

प्रेस पडला. कानात आधी दणका आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीक टक. हात जागा सोडून परत येतो त्याचा. पुन्हा दणका, पुन्हा टक. दर ठोक्याला. मी दहा ठोके मोजले. मग टोक उचलून चौकटीवर ठेवलं. दणका तेवढाच. खांबावर ठेवलं. तेवढाच.

खांब आणि प्रेस एकाच फाउंडेशनवर उभे आहेत. हे मला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. प्रेस मीच बसवला होता. दोनशे टनांचा दणका फाउंडेशनमधून खांबात, खांबातून माझ्या चार बोल्टमधून चौकटीत आणि तिथून त्या तरंगणाऱ्या डोक्यापर्यंत सरळ जात होता. मी बोल्ट ढिले ठेवले असते तरी कॉम्प्युटर थोडा वाचला असता. मी त्या दणक्याला रस्ताच बांधून दिला होता.

तिनं वही काढली. एकच ड्रॉइंग दिवसातून सहा वेळा उघडून किती सेकंद लागले ते लिहिलेलं. प्रेस चालू, चाळीस. प्रेस चालू, अडतीस. जेवणाची सुट्टी, तीन. प्रेस चालू, एक्केचाळीस.

"धक्का बसला की डोकं रेषेवरून सरकतं. वाचायचं राहतं. तबकडी फिरून येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. म्हणून संथ. आणि असं तीन महिने चाललं, म्हणून आता काही जागाही खराब झाल्यात."

मी वहीवरची तारीख बघितली. "हे तुला चार दिवसांपूर्वी कळलं होतं."

"अंदाज होता."

"मग काल साहेबांसमोर का नाही बोललीस? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी गप्प?"

"सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊ?" ती म्हणाली. "आणि आधी तुम्हाला येऊन सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता, काका. म्हणून कानाला लावायला दिलं."

खरं होतं. भांडलो असतो.

त्याच दुपारी मी चौकट उतरवली. बोल्ट सुटेनात. पान्याला हातभर पाइप लावून जोर करावा लागला. मी आवळलेला बोल्ट सहज सुटत नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. त्या दिवशी ते कौतुक तळहाताला लागलं.

"बंद केल्याशिवाय हलवू नका," तिनं बजावलं. "बंद झाली की हात बाजूला जाऊन बसतो. मग धक्का लागला तरी तबकडीला इजा नाही."

पेटी स्टोअरच्या लांबच्या भिंतीशी नेली. पण आमची सगळी इमारतच प्रेसबरोबर उठायची बसायची. दिवसा तिथंही भरवसा नव्हता. दुखऱ्या डिस्कवरून प्रत घ्यायची तर शांतता हवी, आणि संध्याकाळी तिला आईकडं पोचावं लागे, म्हणून उरली ती फक्त भोंग्याच्या आधीची वेळ. गेटची किल्ली वंगणाच्या कामासाठी माझ्याकडं असे. ठरलं. बुधवार ते शनिवार, पहाटे पाचला.

त्या वेळी बस नाही. ती चाळीस मिनिटं चालत यायची. आईपाशी शेजारीण झोपायला येई. पाचच्या ठोक्याला मी गेट उघडायचो तेव्हा ती बाहेर उभीच असायची. नवी डिस्क तिनं एका ओळखीच्या दुकानातून उसनी आणली होती.

काम म्हणजे बघत बसणं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. "आधी जे सहज येतं ते घ्यायचं," ती म्हणाली. "जिथं अडेल तिथं हट्ट धरायचा नाही, पुढं जायचं. अडलेलं शेवटी. आधीच तिथं डोकं आपटत बसलं तर डिस्क मरेल आणि चांगलंही जाईल."

मी आयुष्यभर अडलेला नट आधी सोडवत आलो. टेबलफॅन आणून डिस्कवर रोखून धरला, कारण तापली की अडखळायची. दर दहा मिनिटांनी ती हात लावून बघायची, वहीत लिहायची. पावणेसातला बंद. सातला भोंगा, आणि ती दिवसभराच्या कामाला. चार दिवसांत तिला मी एकदाही जांभई देताना पाहिलं नाही. मी दिल्या.

शनिवारी सातला दहा कमी असताना शेवटचा, अडलेला भाग चालू होता. "पंधरा-वीस मिनिटं लागतील," ती म्हणाली. "मधे सोडलं तर पुन्हा उठेल याची खात्री नाही."

मी बाहेर आलो. पहिलवान प्रेसपाशी आला होता. त्याला दोन वाक्यांत सांगितलं. लग्नाच्या यंत्राचा विनोद त्यालाही आठवला असावा. त्यानं वंगणाचा डबा उचलला आणि प्रेसच्या मागं गेला.

भोंगा झाला. प्रेस गप्प. पाच मिनिटांनी साहेब वरच्या खिडकीतून ओरडले, "प्रेस का बंद आहे?"

"वंगण घालतोय, साहेब!"

"सात वाजता?"

"कोरडा पडलाय, साहेब! पार कोरडा!"

त्या प्रेसला आदल्याच संध्याकाळी मी वंगण घातलं होतं. पहिलवानानं सतरा मिनिटं ते पुसून पुन्हा घातलं. मग मुंगी स्टोअरच्या दारात आली आणि तिनं हात वर केला. प्रेस सुरू झाला.

चार हजार एकशे तीस ड्रॉइंगपैकी अकरा गेली. बाकी सगळी आली.

सोमवारी सकाळी मी आधी साहेबांकडं गेलो. सांगितलं, चौकट मी बसवली, बोल्ट मी आवळले, डिस्क त्यानं मेली. पोरीनं ते शोधलं आणि माझं नाव झाकून ठेवलं.

"तुम्हाला खांबाला बसवा असं कुणी सांगितलं होतं?"

"हलता कामा नये, असं तुम्ही सांगितलं होतं. खांब माझा."

साहेबांनी ड्रॉइंगची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "त्या अकरांचं काय?"

"डाय आहेत ना आपल्याकडं. मी मापं काढतो."

मी काढली. व्हर्निअर घेऊन रोज पाळी संपल्यावर एक तास, तीन आठवडे. कागदावर काढून तिच्याकडं द्यायचो, ती कॉम्प्युटरवर चढवायची. दोनदा तिनं माप परत पाठवलं. "काका, या मापानं हे भोक डायच्या बाहेर पडतंय." तिचं बरोबर होतं. अकरावं ड्रॉइंग झालं त्या दिवशी तिनं मला चहा पाजला. माझ्या चुकीची भरपाई मला माझ्या हातांनी करता आली, हेही तिच्यामुळंच. तिनं सोमवारी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट दाखवलं असतं तर मी मान खाली घालून फिरलो असतो किंवा भांडून घरी बसलो असतो. तिनं मला आधी ऐकू दिलं. माझ्या उस्तादानंही मला इतक्या मानानं कधी चूक दाखवली नव्हती. त्यानं पाना फेकून मारला होता.

प्रेसजवळ नवा कॉम्प्युटर आला तो वेगळ्या डिस्कचा. आत तबकडी नाही, हात नाही, फिरणारं काहीच नाही. शिवाय रोज संध्याकाळी ऑफिसातल्या डिस्कवर प्रत.

"याला धक्क्यानं काय होतं?" मी विचारलं.

"फारसं काही नाही."

"म्हणजे फिटरनं बसवला तरी चालेल."

"चालेल," ती म्हणाली. "पण मी शेजारी उभी राहीन."

कायम नोकरीच्या पत्रावर दीड महिन्यानं सही झाली. साहेब सांगायला खाली आले नाहीत, कारकुनाबरोबर पाकीट पाठवलं. तिनं ते उघडून एकदा वाचलं, पिशवीत ठेवलं आणि लेबलच्या यंत्राकडं गेली, कारण ते पुन्हा अडलं होतं. सुट्टीचा अर्ज मात्र त्याच दिवशी दिला. सहा दिवसांचा.

दवाखान्यात मी आणि पहिलवान गेलो होतो. आई खाटेवर बसलेल्या. पहिलवानाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "हाच का पहिलवान? अरे, आधी याला भरती करा."

पहिला गुडघा त्या वर्षी झाला. त्याचे हप्ते फिटायला अडीच वर्षं लागली. तोवर मुंगीनं नवी चप्पलही घेतली नाही, जुनीला दोनदा टाच लावली. मग दुसरा. त्याचा शेवटचा हप्ता तिनं भरला तेव्हा मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. पावती दाखवायला ती घरी आली. बरोबर आई होत्या, बसमधून आलेल्या, उभ्यानं. बसायला जागा मिळाली नाही का, असं माझ्या बायकोनं विचारलं.

"मिळाली होती," आई म्हणाल्या. "मीच बसले नाही. एवढे पैसे घातलेत पोरीनं, वापरू नको?"